सावरवाडीचे चोवीस तुकडे

नकाशाचे बारा तुकडे पेनड्राईव्हमध्ये घेऊन श्रीनाथ बुधवारी दुपारी घरी आला आणि गाडी स्टँडला लावता लावताच आईला ओरडून म्हणाला, "चहा टाक, चहा होईपर्यंत नकाशा जोडून होतोय बघ!" बस, एवढंच बोलला बिचारा. पण हे वाक्य त्याला पुढं सहा दिवस ऐकावं लागलं. वडिलांकडून, शेजाऱ्याकडून, आणि आईकडून तर दर चहाला.

तर झालतं काय, की सावरवाडीच्या हरणाबाईचा रस्ता बंद झालता. सावरवाडी म्हणजे उमरग्याहून माकणीकडं जाताना आत वळलं की लागते ती. हरणाबाईनं सोयाबीन कापली, शेतातच बनीम, म्हणजे गंजी, रचली, वर ताडपत्री टाकली, आणि मळणी यंत्र न्यायला गेली तर वाटेत बलभीमनं बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. आजवर ती बलभीमच्या बांधावरनंच जायची. बलभीम म्हणाला, "माझ्यातून रस्ता कधी नव्हताच मावशी. तुमाला सवय लागली होती, म्या सवय मोडली." वर ढग येऊन जायला लागले. पाऊस पडला असता तर बनीम जाग्यावर काळी पडली असती, वर्षाचं पीक गेलं असतं.

बाई कचेरीत गेली. नायब तहसीलदार साहेब माणूस चांगला, पण कागदाचा. म्हणाले, "नकाशात रस्ता दाखवा, सोमवारच्या सुनावणीत मी तिथल्या तिथं मोकळा करून देतो. पण झेरॉक्सचे कपटे जोडून आणायचे नाहीत. अख्खं गाव एका कागदावर पाहिजे."

आणि इथं महारुद्र गुरुजी शिरले. गुरुजी म्हणजे श्रीनाथचे वडील, रिटायर मुख्याध्यापक. राहायला उमरग्यात शिक्षक कॉलनीत, पण साडेतीन एकर रान सावरवाडीत, हरणाबाईच्या जवळच. गुरुजींना स्वतःबद्दल बोलायचं असलं की ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं बोलतात. छातीवर हात ठेवून म्हणाले, "हरणाबाई, न्यायाच्या कामात महारुद्र मागं हटणार नाही. आमचा श्रीनाथ कॉम्प्युटरवाला आहे."

आमचा श्रीनाथ तलाठी भरतीचा अभ्यास करायलाय, तीन वर्षं झाली. कॉम्प्युटरवाला तो एवढ्यापुरताच, की घरात कॉम्प्युटर आहे. तो पण २०११ सालचा, गुरुजींनी सोसायटीतून कर्ज काढून घेतलेला, दोन जीबी रॅमचा. चालू झाला की जात्यावर दळण बसल्यासारखा आवाज येतो, आणि वर आईनं स्वतः विणलेला रुमाल.

नकाशा कुठं होता? गावच्या चावडीत, पत्र्याच्या पेटीत. मागून कापड लावलेला, तीन फूट बाय दोन फूट, घडीवर घडी, डांबराच्या गोळ्यांचा वास. ताबा कोतवालाचा, योगीराजचा. योगीराज म्हणाला, "नकाशा गावाबाहेर जातोय तर माझ्या हातातनं जाणार न्हाय." आणि खरंच न्हाय सोडला. श्रीनाथच्या गाडीवर मागं बसून, बाळाला घेतल्यासारखा छातीशी धरून उमरग्यात आणला. बस स्टँडजवळ श्रीनाथचा वर्गमित्र साजिद, त्याचं झेरॉक्सचं दुकान. तिथं स्कॅनर आहे, पण वहीच्या पानाएवढा. म्हणून तुकडे. स्कॅन होईपर्यंत योगीराजनं नकाशाचा एक कोपरा धरूनच ठेवला. चहा आला तर डाव्या हातानं प्यायला.

आता चहाचं वाक्य बोलून श्रीनाथ बसला कॉम्प्युटरपुढं. इंटरनेटवर एक फुकटातलं सॉफ्टवेअर सापडलं, त्याला तुकडे दिले की ते आपोआप जोडतं म्हणे. दिले. सॉफ्टवेअरनं दहा मिनिटं विचार केला आणि इंग्रजीत सांगितलं, ह्या बारा चित्रांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

"सावरवाडीत खरंच कुणाचा कुणाशी संबंध नाही," गुरुजी म्हणाले, "पण हे त्याला कसं कळलं?"

मग श्रीनाथनं वाचलं तर कळलं, की ह्या तुकड्याची कड त्या तुकड्यात थोडी तरी आली पाहिजे. एकच झाड, एकच विहीर दोन्हीत दिसली, की ते ओळखतं आणि जोडतं. साजिदला फोन लावला.

"अरे, कडा दोन-दोनदा घेतल्यास का?"

"छे!" साजिद लई अभिमानानं म्हणाला. "एक सूत पण डबल घेतलं न्हाय. एकदम काठाला काठ. तुझा स्कॅनचा खर्च वाचवला बघ भावा!"

झालं. गुरुवारी पुन्हा योगीराज, पुन्हा गाडी, पुन्हा छातीशी नकाशा. ह्या वेळेला बाराचे चोवीस तुकडे झाले. आणि आधी काटकसर केल्याची भरपाई म्हणून साजिदनं क्वालिटी इतकी वाढवली, इतकी वाढवली, की एकेक तुकडा शंभर एमबीचा. "मुंगी बसली असली नकाशावर तर तिचे पाय मोजशील," म्हणाला.

कॉम्प्युटरनं पहिले दोन तुकडे गिळले. तिसऱ्याला घरघरला. चौथ्याला पडदा पांढरा पडला आणि मेमरी संपल्याची पाटी आली. ती पाटी आली तेव्हा शेजारचे शांतलिंग अप्पा दारातच उभे होते. अप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, पण त्यांना येत नाही असा विषय अजून निघायचाय.

"रॅम काढ," अप्पा म्हणाले, "आणि खोडरबरनं पूस."

"अप्पा, ती भरलीय. मळली नाही."

"अरे, पुसल्याबिगर तुला काय कळणार भरलीय का मळलीय? गाडीत पन्नास माणसं बसायलीत का पंचावन्न, हे चढवल्यावरच कळतंय. मागं सरका, मागं सरका करत बसवायचं अस्तंय."

आता गंमत बघा, अप्पांच्या बोलण्यात काय असेल नसेल ते असो, पण श्रीनाथला त्यातनं युक्ती सुचली. सगळे एकदम चढवायचेच कशाला? दोन-दोन जोडू, त्यांचं एक करू, मग पुढचं. खोडरबरनं रॅम पण पुसली त्यानं, अप्पा तिथंच बसून होते म्हणून. शुक्रवारी दुपारपर्यंत, मधी दोनदा लाईट जाऊन, एकदा सगळं पुसलं जाऊन, चोवीसच्या चोवीस जोडले गेले. श्रीनाथनं आरोळी ठोकली. गुरुजी चष्मा पुसत आले, आई हात पुसत आली, अप्पा तर आलेलेच होते.

पडद्यावर सावरवाडी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगलेली! मधलं गावठाण पोटासारखं पुढं, आणि कडेची रानं मागं वाकून पळालेली.

"पृथ्वी गोल आहे," गुरुजी सावकाश म्हणाले, "पण सावरवाडीपुरती इतकी नसावी."

सॉफ्टवेअरची चूक न्हाय. ते लोकांनी डोंगरावर उभं राहून गोल फिरून काढलेले फोटो जोडायला केलेलं, त्याला वाटलं श्रीनाथ सावरवाडीच्या मधोमध उभा राहून गिरक्या घेतोय. सेटिंगमध्ये "सपाट" शोधायला दोन तास गेले. पण शनिवारी सकाळी, खोटं सांगत नाही, नकाशा असा जुळला, की कुठला तुकडा कुठं संपला हे शोधून सापडेना.

आणि मग श्रीनाथचं कामावरनं ध्यानच उडालं. कारण नकाशा वाचायला लागलं की तो सुटत न्हाय. विहिरींना बारीक गोल होते, आणि आज जिथं नुसतं पडीक रान आहे तिथं दोन गोल. कुणी खणल्या होत्या? कधी बुजल्या? एका माळावर देवळाची खूण, तिथं तर श्रीनाथ लहानपणी पतंग उडवायचा, देऊळबिऊळ काही नव्हतं. एका ओढ्याकाठी नुसतं एकच झाड काढलेलं. अख्ख्या शिवारात हजार झाडं असतील, मोजणीदाराला हेच एक का काढावंसं वाटलं? त्या सावलीला बसून जेवला असेल का तो? श्रीनाथ पडद्याला नाक लावून बसला. आई म्हणाली, "तलाठ्याच्या पुस्तकात असा कधी घुसला न्हाईस."

"श्रीनाथ," गुरुजी म्हणाले, "आपलं रान दाखव जरा. गट नंबर नव्वद."

श्रीनाथनं शोधलं. पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी. सत्त्याऐंशीला लागून एकदम त्र्याण्णव. मग चौऱ्याण्णव, ते हरणाबाईचं.

"नीट बघ."

नीट बघितलं. नव्वद नव्हतंच. अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, पाच गट गावातनं गायब! आणि तिथंच ओढा सरळ येता येता टुणकन उडी मारून बाजूला सरकलेला. तिथंच सत्त्याऐंशीच्या कडेला ठिपक्याठिपक्यांचा गाडीरस्ता येऊन थांबलेला, आणि पलीकडं चौऱ्याण्णवपाशी भलत्याच जाग्यावरनं परत सुरू झालेला. म्हणजे हरणाबाईच्या रानाला रस्ता होता! पण तो येतो कुठनं, हेच दिसेना. साहेबापुढं असा नकाशा नेला तर ते म्हणणार, बाई, हेलिकॉप्टरनं जा.

"जोडताना चुकलास," गुरुजी म्हणाले.

श्रीनाथनं तिथले तुकडे परत जोडले. तसंच. चार वेळा जोडले. सॉफ्टवेअर दर वेळेला सांगायचं, बरोबर जुळलंय, काही चूक नाही. आठवडाभरात पहिल्यांदा ते मशीन खरं बोलत होतं आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

गुरुजींचा चेहरा उतरला. "एकोणतीस वर्षं शेतसारा भरतोय मी," एवढंच बोलले. संध्याकाळपर्यंत ही बातमी योगीराजमार्फत सावरवाडीत पोचली आणि गुरुजींना फोन यायला लागले. "गुरुजी, तुमचं रान हवेत हाय का ओ?" बलभीमनं तर मुद्दाम फोन केला, स्वतःचं एकोणनव्वद पण त्याच पाचांत गायब आहे हे त्याच्या ध्यानातच न्हाय. "गुरुजी, हरणामावशीच्या रस्त्याचं सोडा, आधी तुमच्याच रानाला जायला रस्ता हाय का बगा. आन् रान सापडलं तर कळवा, म्या पण शोधू लागतो."

इकडं श्रीनाथनं चूक शोधायला ती जागा मोठी केली. आणखी मोठी केली. साजिदनं क्वालिटी मुंगीच्या पायापर्यंत नेलेली, त्यामुळं वाढवेल तेवढी वाढत गेली. तर जिथं गट गायब झाले, बरोबर तिथनं नकाशाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रेघा गेलेल्या. एकमेकींशेजारनं, सरळ, आणि तुटक तुटक. एक कातळी काळी, मग जरा मोकळं, मग परत काळी.

अप्पांनी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांचा आवाजच बदलला.

"रेल्वे."

"काय?"

"रेल्वेलाईन हाय ही! नकाशात रेल्वे अशीच काढत्यात, तुकड्या-तुकड्याची. अरे, निजामाच्या टायमाला योजना झालेली असणार! म्हणून तर मधले गट उडवलेत. संपादनात गेलेत ते, संपादनात!"

तुम्हाला माहितीय, उमरग्याच्या माणसापुढं रेल्वे हा शब्द काढला की काय होतं. हायवे आहे, ट्रकांची रांग आहे, सगळं आहे, फक्त शिट्टी न्हाय. अप्पा उठले ते चप्पल न घालता कॉलनीत गेले. रविवारी सकाळी आठ वाजता गुरुजींच्या अंगणात सावरवाडीची वीस माणसं! पंच्याऐंशीवाला विचारायला लागला, गुंठ्याला भाव काय निघाला. त्र्याण्णववाल्याला स्टेशन आपल्याच रानात पाहिजे. बलभीम पण आलता, सगळ्यात पुढं, आणि त्याचं म्हणणं, लाईन माझ्या बाजूला अजून दहा फूट सरकती का बघ.

ह्या सगळ्या गर्दीत हरणाबाई पायरीवर बसलेली. तिनं एकदाच विचारलं, "श्रीनाथ, रेल्वे कवा यायची ती येऊ दे बाबा. उद्या सुनावणी हाय. माझा रस्ता सापडला का रं?"

श्रीनाथला एवढी लाज वाटली, की त्यानं त्या दोन रेघांचं चित्र पेनड्राईव्हमध्ये घेतलं आणि सरळ साजिदचं दुकान गाठलं. पाठोपाठ गुरुजी, हरणाबाई, छातीशी नकाशा धरलेला योगीराज, अप्पा, आणि भाव विचारणारे पाच-सात. ठरलं असं, की मोठी प्रिंट काढून बघावी.

दुकानात त्या दिवशी साजिदचे आजोबा बसलेले. बाबामियाँ. उमरग्यातले जुने टेलर, ऐंशीच्या घरातले. सोलापूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आदल्या दिवशीच परत आलते, त्यामुळं स्कॅनच्या वेळेला त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. काळा चष्मा लावून, डोळ्याला त्रास नको म्हणून तोंड भिंतीकडं करून बसलेले. मशीनमधनं प्रिंट बाहेर आली, भल्यामोठ्या कागदावर ती दोन रेघांची रेल्वे. सगळे वाकले. बाबामियाँनी पण मान वळवली, चष्मा वर केला, नव्या डोळ्यानं बघितलं. बघतच राहिले.

"ये क्या रे साजिद? एवढा मोठा करून कशाला छापलास?"

"दादा, रेल्वेलाईन है."

"कायकी रेल्वे? टीप है माझी!"

सगळे परत प्रिंटवर वाकले.

"ही बघा," बाबामियाँ बोट फिरवत म्हणाले, "इंचाला आठ टाके. काळा दोरा, दोन पदरी. आन् हा इथं टाका वाकडा गेलाय..." आणि खरंच लाजले ओ म्हातारबाबा, "लाईट गेलती त्या टायमाला. आता ह्यो असा सगळ्या गावाला दाखवायचा का?"

मग हळूहळू सगळं निघालं. पस्तीस-छत्तीस वर्षांमागं हा नकाशा घडीवर फाटून दोन तुकडे झालता. तेव्हाचा कोतवाल, म्हणजे योगीराजचा आजा, ते दोन तुकडे घेऊन बाबामियाँकडं आला. म्हणाला, पुन्हा जन्मात फाटला न्हाय पाहिजे. बाबामियाँ कसबी माणूस. त्यांनी चिकटवाचिकटवी केली न्हाय. पिशवी शिवतात तसं केलं. दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून धरले, दोन्हीकडनं अर्धा-अर्धा इंच दाब घेतला, आतनं टीप मारली, उलगडून वरनं परत दोन टिपा. मळलेल्या घडीत तो काळा दोरा इतकी वर्षं कुणाच्या नजरेला आलाच न्हाय.

"दाब म्हणजे?" गुरुजींनी विचारलं.

"म्हणजे शिवणीत आत दुमडून जातो तो कपडा. तो दिसत न्हाय, आत अस्तो. दाब घेतला न्हाय तर शिलाई टिकंल का गुरुजी?"

श्रीनाथनं मनातल्या मनात हिशोब केला. दोन्हीकडचा मिळून एक इंच. आणि नकाशात एक इंच म्हणजे सहाशेसाठ फूट. बाबामियाँनी सावरवाडीची सहाशेसाठ फूट रुंद पट्टी, झाडाविहिरींसकट, पाच गटांसकट, शिवणीत दाबून टाकलती!

"म्हणजे माझं रान," गुरुजी प्रिंटवर बोट ठेवून म्हणाले, "छत्तीस वर्षं तुमच्या दाबात आहे?"

"सुरक्षित है," बाबामियाँ म्हणाले. "ऊन न्हाय, पाणी न्हाय."

रेल्वेवाले हळूच मागं सरकले. अप्पांना घरी काहीतरी काम आठवलं. पण हरणाबाई उठून उभी राहिली. "मग उसवा की भाऊ! माझा रस्ता त्यातच असंल."

बाबामियाँनी ब्लेड काढलं आणि योगीराज नकाशावर आडवाच पडला. "हात लावायचा न्हाय! सरकारी दस्त हाय. टाका उसवला तर माझी नोकरी जाती."

"नकाशा सरकारचा," बाबामियाँ शांतपणे म्हणाले. "टाका माझा."

ह्यावर अर्धा तास वाद. शेवटी गावच्या तलाठीसाहेबांना फोन लावला. ते एका बारशात होते. सगळं ऐकून घेतलं, परत ऐकून घेतलं, आणि म्हणाले, उसवायला हरकत नाही, पण पंचनामा करून उसवा. गुरुजींनी तिथंच झेरॉक्सच्या कागदावर सुवाच्य अक्षरात पंचनामा लिहिला. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच, समक्ष हजर राहून लिहून देतो की, सावरवाडीच्या नकाशास मध्यभागी एकूण तीन टिपा असून त्या आमच्यासमोर, टेलर यांचे हस्ते, इसवण्यात आल्या.' मग गुरुजींनी स्वतःच 'इसवण्यात' खोडून 'उसवण्यात' केलं आणि खोडल्याची बाजूला सही केली. पाच पंचांच्या सह्या झाल्या. रेल्वेचा भाव विचारायला आलेला बलभीम पण त्यात पंच!

मग बाबामियाँनी चष्मा नीट केला, आणि एक-एक टाका, एक-एक टाका... एवढी माणसं असून फक्त दोऱ्याचा कट कट आवाज. शिवण उलगडली. आतली पट्टी वर आली, आणि सगळ्यांच्या तोंडनं "अगंगं" निघालं. बाकीचा नकाशा चहा सांडल्यासारखा पिवळा, आणि ही पट्टी कोरी करकरीत, ओढा निळा, बांध लाल, काल रंगवल्यासारखी.

साजिदनं ती लगेच स्कॅन केली. कडा दोन-दोनदा घेऊन. श्रीनाथ घरी पळाला, मागं वरात. कॉम्प्युटर घरघरला, पंखा ओरडला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नकाशा उघडला. ओढा सरळ झाला. सत्त्याऐंशीनंतर अठ्ठ्याऐंशी आलं, एकोणनव्वद आलं...

"नव्वद!" गुरुजी लहान पोरासारखे ओरडले. "बघा! आहे! साडेतीन एकर, जिथल्या तिथं!" त्यांनी खिशातनं नोट काढून अप्पांच्या हातात दिली, "पेढे आणा, पाव किलो. नाही, अर्धा किलो आणा!"

श्रीनाथचं ध्यान मात्र पेढ्यांत नव्हतं. तो ठिपक्यांचा रस्ता धरून माऊस हळूहळू पुढं नेत होता. सत्त्याऐंशीच्या कडेनं रस्ता आला. बलभीमचं रान एकोणनव्वद, त्याला रस्ता शिवला पण न्हाय. बाजूनं वळला. आणि सरळ नव्वदात शिरला. ह्या बांधापासनं त्या बांधापर्यंत, मधोमध, आणि पलीकडं निघून थेट हरणाबाईच्या चौऱ्याण्णवात.

"अण्णा," श्रीनाथ वडिलांना म्हणाला, "रस्ता सापडला."

आता इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. गुरुजींच्या रानात, दोन वर्षांमागं बांधलेलं, निळ्या टाईल्सचं, खुर्चीसारखं बसायच्या भांड्याचं संडास आहे. अख्ख्या सावरवाडीच्या शिवारात एकमेव. गुरुजींचे गुडघे दुखतात, आणि रान सोडवत न्हाय, म्हणून पेन्शनीतनं बांधलेलं. त्याला पूर्वेला खिडकी. बांधलं तेव्हा नारळ फोडलता. आणि नकाशातला रस्ता त्याच्या बरोबर पूर्वेच्या भिंतीतनं जात होता.

सगळ्यांच्या हे एकदमच ध्यानात आलं. पहिल्यांदा हसला तो बलभीम. "म्या काय मनलो होतो? माझ्यातून कधी नव्हताच. पंचनाम्यावर सही हाय बरं का माझी!"

गुरुजींनी पाणी मागितलं. प्यायले. मग म्हणाले, "श्रीनाथ, परत जोडून बघ."

श्रीनाथनं परत जोडलं. रस्ता तिथंच. गुरुजी पडद्याजवळ गेले, दूर झाले, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. माझी खरेदी शहाण्णवची, त्यात रस्ता लिहिलेला नाही, असंही पुटपुटले. तेवढ्यात अप्पा पेढे घेऊन आले आणि कुणालाच काही न विचारता वाटायला लागले.

हरणाबाईनं पेढा हातात घेतला, खाल्ला न्हाय. "ऱ्हाऊ द्या गुरुजी," ती म्हणाली. "तुमी माझ्यासाठी एवढं पळालाव. म्या बलभीमचे पाय धरीन, ह्या साली तरी जाऊ देईल. तुमच्या गुडघ्याची सोय कशाला मोडायची?"

मला वाटतं, हेच गुरुजींना लागलं. बलभीमचं हसणं न्हाय. रात्रभर अंगणात येरझाऱ्या घातल्या म्हणे, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, साजिदकडनं छापून घेतलेल्या अख्ख्या नकाशाची सुरळी काखेत मारून कचेरीत.

नायब तहसीलदारांनी नकाशा टेबलावर पसरला. वाकून बघितला, बोटानं रस्ता धरला. "व्वा! असा स्वच्छ नकाशा मी ह्या कचेरीत बघितला नाही. रस्ता नव्वदातून आहे. नव्वदवाल्याची हरकत आहे का? हजर आहे का?"

गुरुजी उभे राहिले.

"तुम्ही तर बाईचे साक्षीदार ना?"

"होय साहेब. साक्षीदार पण मीच, आणि नव्वदवाला पण मीच."

"मग तुमचं म्हणणं?"

गुरुजींनी एकदा हरणाबाईकडं बघितलं, एकदा श्रीनाथकडं. "नव्वदवाल्याचं म्हणणं पुष्कळ आहे साहेब, काल रात्रभर ऐकलं मी. तुम्ही साक्षीदाराचं ऐका."

मंगळवारी सकाळी संडासाची पूर्वेची भिंत पाडली. गुरुजींनी स्वतः टेप धरला, आठ फूट म्हणजे आठ फूट, एक वीटसुद्धा जास्त पाडू दिली न्हाय. भांडं वाचलं, ते रस्त्याच्या काठापासनं सव्वा फूट आत निघालं. मळणी यंत्र धुरळा उडवत गेलं, आणि दुपारपर्यंत हरणाबाईची सोयाबीन पोत्यात होती. संध्याकाळी पाऊस झाला, तो तिच्या मोकळ्या रानावर.

बुधवारी गुरुजी रानात गेले तर पडलेल्या भिंतीच्या जागी हरणाबाईनं स्वतःचं हिरवं जुनेर लुगडं दोन खांबांना ताणून बांधलेलं. चारी बाजूंनी टोचून, वाऱ्यानं हलू नये असं. गुरुजींना बरं वाटलं. पेपर घेतला, आत जाऊन बसले.

पण रस्ता मोकळा झाला म्हटल्यावर सगळंच शिवार आता तिथनं जायला लागलं. पहिली पंच्याऐंशीवाल्याची बैलगाडी आली. पडद्याखाली गुरुजींच्या चपला दिसल्या, त्यानं मान राखून गाडी जराशी थांबवली.

"राम राम, गुरुजी!"

आता आपल्याकडं रामरामाला उत्तर न देणं म्हणजे भांडण काढणं. गुरुजींनी पेपरची घडी घातली, घसा खाकरला, आणि आतनं, शाळेत हजेरी घ्यायचे त्या आवाजात, म्हणाले, "राम राम."

त्याच्यामागं बलभीमची मोटारसायकल उभी होतीच.